मागचा पाय

बाम्बर्गच्या संग्रहालयात, तिसऱ्या मजल्यावर,
दर गुरुवारी मी ही पेटी उघडते.
तळहाताएवढा कागद. कोरणाऱ्याचं नाव नाही,
कोपऱ्यात फक्त एक पान, देठ तुटलेलं.
घोड्यावर संत. खाली मेलेला ड्रॅगन,
जबडा उघडा,
जांभई अर्धवट राहावी तसा.

प्राध्यापक आयखिंगर म्हणाले, विजय.
भिंग त्यांनी भाल्यावरून हलवलंच नाही.
पाद्री म्हणाले, श्रद्धा. आणि घड्याळ पाहिलं.
एका शाळकरी मुलीनं विचारलं, हा डावखुरा आहे का?
मी सांगितलं, तांब्यावर उजवाच होता,
छापून निघाला की डावा होतो.
सगळ्यांचंच होतं तसं, असंही म्हणाले,
आणि मग उगाच म्हणाले असं वाटलं.

प्रभावळ कंपासनं काढलेली.
कंपासचं टोक रुतलं तिथे,
कानशिलावर,
एक काळा ठिपका राहून गेलाय.

वडील एकदाच आले, नोव्हेंबरात, कोट न काढता.
नालबंद माणूस. चाळीस वर्षं
घोड्यांचे पाय मांडीवर घेतलेले,
हाताला जळक्या खुराचा वास,
साबणाला दाद न देणारा.
संताकडे त्यांनी पाहिलंही नाही.
म्हणाले, मागचा पाय बघ. सैल सोडलाय,
खुराचं नुसतं टोक टेकलंय.
उभं राहून राहून कंटाळला की घोडा असं करतो.
तास-दीड तास झाला असेल.
हा उतरत का नाही?

तेव्हापासून मला लढाई दिसत नाही.
दिसतं ते नंतरचं :
वेशीवर हात हलवून दमलेली माणसं घरी गेलीत,
एका धुराड्यातून तीन रेघा धूर,
कुणाची तरी कोबीची आमटी उकळतेय.
आणि हा लगाम सोडून बसलाय,
मेलेल्याकडे बघत नाही, गावाकडेही नाही.

शेवटचा घोडा विकला गेला त्या हिवाळ्यात
वडीलही असेच बसायचे
विझलेल्या भट्टीपाशी, स्टुलावर.
आई हाक मारायची. सूप गार व्हायचं.

आज झाकण लावता लावता दिसलं :
त्या टेकलेल्या खुराला नाल नाही.
बाकी तिन्हींना आहे, खिळ्यांसकट.
वडिलांच्या नजरेतून हे सुटणं शक्य नाही.
तरी ते बोलले नाहीत,
आणि आता विचारायचं कुणाला.