कणसूर

पाठीचा पत्रा उघडला तेव्हा आधी वास आला,
बंद ट्रंकेतल्या स्वेटरचा,
आणि कुणाच्या तरी सिगारेटचा,
एकोणीसशे ब्याऐंशीतल्या.
मग दिसली बॅटरी. फुटलेली.
तिचं हिरवट पाणी
तांब्याच्या वाटा खात खात
सातव्या आवाजापर्यंत पोचलेलं.

आठ आवाजांचं यंत्र.
आठ आवाज, आठ चिपा,
नखाएवढ्या, काळ्या, गोमेसारख्या पायांच्या.
त्या घडवणारा कारखाना बुडाला
त्याला चाळीस वर्षं होत आली,
तिथे आता चपलांचं गोदाम आहे.

वाटा मी पुन्हा बांधल्या.
केसाएवढी तार, डाख, फुंकर.
तीन आठवडे भिंग लावून लावून
भुवईवर वळ उठला.
डिसेंबरात कास्तेल्फिदार्दोच्या टेकडीवर
साडेचारलाच दिवे लावावे लागतात,
समुद्र दिसेनासा होतो,
आणि मी सात आवाज घेऊन बसलेला,
आठवा, म्हणजे सातवा, मुका.

ही चिप कुठेच मिळत नाही.
म्हणजे, मिळते.
शेन्झेनहून पाकीट आलं, दहा नग,
आकडे बरोबर, चकचकीत.
अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला
तर आकडे बोळ्यावर आले.
खाली भलताच कुणीतरी,
वॉशिंग मशीनच्या कुळातला,
नाव बदलून सोयरीक जमवायला निघालेला.

मालकीण आंकोनाची, सव्वीस वर्षांची, लुदोविका.
बंद पडलेल्या नाचघराच्या लिलावात
तिने हे घेतलं, दोन खुर्च्यांसकट.
दर शुक्रवारी फोन करते,
दवाखान्यात विचारतात तसं विचारते :
आज काही बोललं का?

नात्सारेनाबाई खालच्या गल्लीत राहतात. वय त्र्याऐंशी.
आधी अकॉर्डियनच्या कारखान्यात
स्वरपट्ट्या कानशीने घासून सुरात आणायच्या.
ते दिवस सरले तेव्हा
त्याच हातांवर पांढरा कोट चढवून
तपासणीच्या टेबलाशी बसवलं त्यांना.
कुणी सांगितलं कोण जाणे,
बिस्किटांचा डबा घेऊन जिना चढून आल्या,
धापा टाकत.
"बटणं आहेत," म्हणाल्या, "आणि हे."

बटणांच्या तळाशी, चॉकलेटच्या चांदीत,
अकरा चिपा.
प्रत्येकीच्या पाठीवर नेलपॉलिशची लाल टिकली.
नापास.
"फेकायला सांगायचे.
तापल्या की कणभर घसरायच्या.
कणभरासाठी कोण फेकतं, एल्वियो?
अ‍ॅप्रनच्या खिशातून न्यायचे मी.
चोरीच ती. फादरना अजून सांगितलेलं नाही."

चार मेलेल्या निघाल्या.
पाचवीचा पाय हातातच तुटला.
सहावी बसवली,
बटण दाबलं,
आणि सातव्या आवाजाने
आधी घसा खाकरल्यासारखं केलं,
मग लागला.
सरळ. स्वच्छ. इतका की मी मागे वळून पाहिलं.
वीस मिनिटांनी, यंत्र तापल्यावर,
कणसूर.

मी पेचकस उचलला.
अर्ध्या फेऱ्यात निम्मं तरी सावरलं असतं.
बाई डोळे मिटून, एक बोट वर धरून बसलेल्या.
"हीच," म्हणाल्या.
"हीच ती. मुकादमाशी भांडले होते हिच्यापायी.
तो म्हणाला, सुई बघ.
मी म्हटलं, सुई ठेव बाजूला, ऐक तर खरं."
मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
आठही आवाज एकदम धरून ठेवलेले,
आणि त्यांच्यात एक जरा खालून,
चढावर मागे राहिलेल्या माणसासारखा,
ज्याच्यासाठी बाकीचेही मग
नकळत सावकाश चालतात.

उद्या शुक्रवार.
बिलावर लिहून झालंय : बॅटरी, तार, डाख, मजुरी.
चिपेसमोरचा रकाना कोरा आहे.
पेचकस टेबलावर आहे,
अ‍ॅसिटोनची बाटलीही शेजारीच आहे,
टिकली मी पुसलेली नाही.

जाताना बाईंनी डबा परत मागितला.
बटणं लागतात, म्हणाल्या.