उपरण्याखाली

मार्केट यार्डात दिवे अजून पिवळे आहेत.
रव्यांच्या रांगा लागल्यात, हमाल चहाला गेलेत,
आणि सिदगोंडा तिसऱ्यांदा विचारतोय,
"मालक, जपानात काय बघितलं?"

मासे, म्हणालो.
तो तोंडावर हात घेऊन हसला.
आमच्या घरी अंड्याचं नाव काढलं
तरी आई देव्हाऱ्याकडं बघायची.

लेकीनं चिठ्ठीत माझं नाव घातलं होतं. लागलं.
पहाटे साडेपाचला काचेमागं उभा.
खाली हिरवी फरशी, तिच्यावर ओळीनं
शेपट्या छाटलेले टुना,
अंगावर पांढरी वाफ, पोटावर लाल आकडे.
लाज वाटते सांगायला, सिदगोंडा,
मला आधी गूळच दिसला.
कलमं लावलेली, नंबर टाकलेले,
कुठल्या कुठल्या गावचा माल
थंडीत गप पडून.

मग रबरी बुटातली माणसं आली.
शेपटीच्या कापावर बॅटरीचा उजेड टाकायची,
चिमूटभर मांस बोटांत चोळायची
आणि तोंडावर काही येऊ द्यायची नाहीत.
ते तोंड मी ओळखतो.
टोचा मारून रवा फोडल्यावर
आप्पांचं तसंच व्हायचं.
जीभ गोड, चेहरा कडू.

घंटा वाजली.
एकजण फळीवर चढून ओरडायला लागला,
का गायला, कळेना.
बोटं वर. तीन. सात. मूठ.
पापणी लवेपर्यंत एक मासा गेला,
दुसरी लवेपर्यंत तीन.
आणि बोटं उघडी, सगळ्यांच्या देखत!

आपल्याकडं ती झाकलेली असायची.
अकरा वर्षांचा होतो, इथंच, त्या खांबाजवळ,
आप्पांनी उपरणं टाकून माझा हात आत ओढला.
"आकडा तोंडात आला की तो गावाचा झाला," म्हणाले,
आणि बोटांवर बोटं दाबून
शेकडा, दहे, एकं शिकवली.
खरखरीत, काकवीनं चिकट हात.
त्यानंतर त्यांनी माझा हात
परत कधी धरला नाही.
आता तर कायद्यानंच उपरणी बंद झाली.

सौदे उरकल्यावर जेवणाच्या गाळ्यांत गेलो.
लेक म्हणाली, सूप नको, त्यातही मासाच आहे.
भात आणि पिवळा मुळा खात बसलो.
शेजारी बॅटरीवाला म्हातारा,
बूट काढून, पाय चोळत.
माझ्या पिशवीत पाव किलो गूळ,
हिनं प्रवासाला बांधून दिलेला.
एक खडा त्याच्यापुढं ठेवला.

त्यानं खाल्ला नाही लगेच.
उजेडात धरला. नखानं खरवडला.
दोन बोटांत चोळून वास घेतला.
मग जिभेवर ठेवला आणि
तोंडावर काही येऊ दिलं नाही.

काय वाटलं मला कोण जाणे,
गळ्यातलं उपरणं काढलं,
आमच्या दोघांच्या हातांवर टाकलं.
लेक म्हणाली, अहो पप्पा, लोक बघतायत.
बर्फासारखा गार हात.
आधी दचकला. मग थांबला.
मग चार बोटं दाबली.

चार काय, सिदगोंडा?
चार येन, चार हजार,
का नुसताच धरला, म्हाताऱ्यानं म्हाताऱ्याचा?
मी विचारलं नाही. उपरण्याखाली विचारत नसतात.

हमाल आले बघ. चहाचे कप उचल.
पहिलं कलम कुणाचं, वडणग्याचं?
थांब, वहीचं ते पान उलटू नको.
वाळायचंय अजून.
माल: पाव किलो, पिवळा.
गिऱ्हाईक: बॅटरीवाला.
भाव: चार.