रिकामं अढळपद

इथल्या आभाळाला ध्रुव नाही.
दक्षिणेचं अढळपद रिकामंच पडलंय;
जवळ एक मिणमिणता तारा, त्याच्या अदमासाने
मी स्टँडचे स्क्रू पिळते,
पाऊण तास, गुडघ्यांवर, दातांत टॉर्च.

दिवसभर टपालगाडी हाकली, टेकापोच्या पलीकडे,
बावीस पत्रपेट्या, त्यातल्या अर्ध्या वाऱ्याने वाकलेल्या.
रात्री हे दुसरं टपाल :
एक कोटी दहा लाख वर्षांमागे निघालेलं.
एवढा उशीर माझ्याकडून झाला असता तर
लोकांनी मला फाडून खाल्लं असतं.

आठ इंची आरसा टिमारूच्या एका विधवेकडून घेतलेला.
नळीवर तिच्या नवऱ्याने पांढऱ्या रंगात लिहिलंय :
हलवू नकोस.

तीन-तीन मिनिटांचे फोटो.
पहिल्यात राखाडी डाग, कुणी काचेला बोट लावल्यासारखा.
दुसऱ्यातून उपग्रह रेघ ओढत गेला.
चौथ्यात मी शिंकले.
लाकडी ओट्यावर नुसता पाय बदलला
तरी चांदण्यांच्या अळ्या होतात.

साडेअकराला तामातीचे हेडलाइट.
फ्रेम पांढरीफटक.
मी शिवी तोंडात घोळवतेय, तर तो म्हणाला,
"मेंढी अडलीय. तुझा हात लहान आहे."

कोपरापर्यंत आत.
एक खूर. दुसरा खूर. नाक सापडेना,
मान मागे वळलेली.
मग एकदम ओलं, पिवळं, वाफाळतं काहीतरी
दहिवरात पडलं, आणि शिंकलं.
त्याच्यामागून आलं ते गेलेलंच होतं.
तामातीने ते पोत्यात ठेवलं.
आम्ही चहा प्यायलो. बोललो नाही.

दोनला परतले. हात धुतले, वास गेला नाही.
कॅमेरा आपला मोजतच होता :
मी नसतानाच्या अठ्ठेचाळीस फ्रेमा,
प्रत्येक तारा टाचणीच्या टोकाएवढा.

मग झाकण लावून काळोखाचे वीस फोटो घेतले.
घ्यावे लागतात. कॅमेऱ्याच्या मनचं काहीबाही
आकाशातून वजा करायला.

उजाडताना सगळ्या एकावर एक रचल्या.
आली. कललेली परात,
धुळीच्या काळ्या शिरा, आणि दोन हात
कुशीतून हळूहळू सुटत बाहेर पडणारे.
मी ओट्यावर होते तेव्हाची
एकही फ्रेम त्यात नाही.

एक प्रत लिफाफ्यात घातली,
टिमारूचा पत्ता लिहिला, साधं तिकीट लावलं.
परवापर्यंत पोचेल.