कायतान पोदेराचा अंगठा

मडगाव. पित्ताशय निघालं, टाके झाले,
सर्जन हातमोजे काढून चहाला गेले.
मी थांबले.

मनगटाशी दोन चिकट तारा. बटण दाबलं:
चार झटके, अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं.
अंगठा एकदा हलला.
मग नाही.

कागदावर सगळं होतं. वय एकसष्ट,
रक्तदाबाची गोळी रोज, आजही, घोटभर पाण्यासोबत.
मीच म्हटलं होतं, चुकवू नका.

ही गोळी रक्तवाहिन्यांची मूठ सैल करते
कॅल्शियमला दारातच अडवून.
पण नसेच्या टोकाशीही असतात दारं,
तिथून कॅल्शियम आत आलं
तरच स्नायूकडे निरोप सुटतो.
त्यात माझं औषध, पलीकडच्या उंबऱ्यावर
आधीच ठाण मांडून बसलेलं.
दोघांनी मिळून, बहुधा, मुक्काम वाढवला.

पहाटे तीनला पीठ मळणारा अंगठा,
सायकलचा रबरी भोंपू दाबत
बाणावलीचा अर्धा वाडा उठवणारा,
आज त्यालाच कुणी उठवत नाही.

फिलू सिस्टर विचारते, "काढूया नळी?"
"इल्लें राव," मी म्हणते.
यंत्र श्वास देत राहतं.

दहा मिनिटं. दोन.
एकोणीस. तीन, आणि चौथा
नुसता कापरा, भट्टीवरच्या हवेसारखा.
आता उतारा दिला. पुन्हा वाट.
चहा पिऊन सर्जन डोकावून गेले, काही बोलले नाहीत.

"कायतान, माझं बोट दाबा."
डोळे मिटलेलेच.
दाबलं.
दोनदा, आखूड,
दारात आल्यासारखं.