दुहेरी टीप

पिपल्यापाल्याच्या तलावात जहाज आलं
त्याचं शीड मी शिवलंय.
म्हणजे बिल टेंट हाउसच्या नावावर फाटलं,
मला मिळाले अठराशे
आणि उरलेलं कापड, त्याच्या चार पिशव्या झाल्या.

मापं कागदावर आली होती:
एक बाजू सव्वीस फूट, एक एकोणीस, एक तिरपी.
बियाबानीतल्या माझ्या खोलीत मावेना.
मग कापड गच्चीवर, मशीन खाली, मध्ये जिना;
सून वरून सोडत होती,
ते पायरी पायरी उतरून येत होतं सुईखाली.
बत्तीस वर्षं बायकांची मापं घेतली मी.
वाऱ्याचं कधी घेतलं नव्हतं.

बघायला गेले. तिकीट ऐंशी.
खिडकीतल्या पोराला म्हटलं, शीड माझं आहे.
तो म्हणाला, आंटी, ऐंशी.

जुन्या आरमारातल्या गलबताची हुबेहूब नक्कल, असं पाटीवर.
तोफा पाइपच्या, काळ्या रंगवलेल्या.
भोंग्यातून हिंदीत लढाई चालू,
पायांखाली डिझेल धडधडतंय,
आणि शीड वर आडव्या काठीला गुंडाळलेलं,
लग्न उरकल्यावर कोपऱ्यात उभ्या केलेल्या सतरंजीसारखं.
मुलांनी वेफर्स खाल्ले, फोटो काढले.
अठरा मिनिटांत समुद्र संपला.

सुकाणूवर देवगडचा माणूस, विश्राम कुबल.
पांढरा गणवेश, दुसरं बटण गायब.
सुईदोरा माझ्या पर्समध्ये असतोच.
तो चाक धरून उभा, मी बटण लावतेय,
लावता लावता विचारलं, उघडत का नाही हो शीड?
त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.
"उघडलं तर फाटेल. टीप एकेरी आहे.
ब्लाउजची."

घरापर्यंत रिक्षात मी त्याच्याशी भांडत आले.
रात्री पिशवीची शिवण ताणून पाहिली.
दोन्ही हातांनी.
उसवली.

सोमवारी जहाज बंद असतं.
मेण घेऊन गेले, जाड दोरा, नऊ नंबरची सुई.
कुबलने तळव्याला चामड्याची पट्टी बांधली माझ्या,
काठ दुमडायचा, परत दुमडायचा,
वारा शिवणीत नाक घालतो, त्याला फट दिसता कामा नये.
तीन सोमवार लागले.
मध्येच तो गावाविषयी बोलायचा:
भावाने होडी विकली, मासळी लांब गेली,
इथे पगार एक तारखेला होतो.
एकदा तलावाचं पाणी बोटाने जिभेला लावलं
आणि म्हणाला, आळणी.

चौथ्या सोमवारी इंजिन बंद केलं.
दोरी ओढली. आधी काहीच नाही,
माझं कापड नुसतं लोंबत राहिलं, मला लाज वाटली.
मग बिलावलीच्या बाजूने तो आला,
जो माझ्या गच्चीवरच्या साड्या वाळवतो, तोच,
आणि शिडाला पोट आलं.
सातव्या महिन्याचं.
शिवणी करकरल्या. एकही हलली नाही.
जहाज निघालं, आवाज न करता,
इतकं हळू, की काठावरचं बाभळीचं झाड सरकलं
तेव्हा कळलं.

किती गेलो असू? शंभर हात.
मग वारा पडला आणि नाळ जलपर्णीत रुतली.
इंजिन काही केल्या सुरू होईना.
दोन चौकीदार पायडलवाला प्लास्टिकचा हंस घेऊन आले,
हंसाच्या मानेला दोर बांधला
आणि त्यांनी आम्हाला ओढत काठाला नेलं.
कुबल इतका हसला
की मी लावलेलं बटण तुटेल असं वाटलं.
नाही तुटलं.

साहेबांना कळलं. शीड पुन्हा गुंडाळलेलंच असतं.
आतली टीप कोणाला दिसत नाही.

परवा गुप्तेबाई आल्या. म्हणाल्या,
बाही आतून टोचते हो, एवढी जाड शिवण कशाला?
म्हटलं, ठेवून जा, उसवून देते.

नाही उसवली.