वाळूवरची तार

किंबर्लीच्या कोरड्या पात्रात
मर्टल वाकडी तार घेऊन बसते.
एक रेघ: नदी.
अर्धगोल: जाळाभोवतीची माणसं.
मग बोटांच्या टोकांनी घोड्यांचे खूर,
दाट.

तळहातानं पुसून टाकते सगळं.
डार्सी, मोबाईल धरून: "पुसू नकोस ना!"
"वाळू लागते रे, पुढच्याला."

पुढचा म्हणजे तो,
गोरखचिंचेच्या पोटात भाले लपवणारा.
तीन पावसाळे
कुंपणाचा एक खांब टिकू दिला नाही त्यानं.
नाव ती घेत नाही, गेलेल्याचं घेत नाहीत.
पोलिसांच्या वहीत आहे एक, 'टॉमी'.
ते त्याचं नव्हतंच.

मोबाईल विझतो.
डार्सी तार उचलतो,
नदी काढतो. चुकते.
ती त्याचं मनगट धरून
वळवते उत्तरेला,
जिकडे ती खरंच वळते.