सावलीत वाळवावे

"आंघोळ केलीस का?"
हा खरं तर आईनं सकाळी विचारायचा प्रश्न.
वाशीच्या इस्पितळात, रात्री पावणेतीनला
तो मला विचारावा लागतो. रकाना आहे.
केली, म्हणाली. दोनदा. वजरीनं घासून.
आणि माझ्याकडे असं बघितलं
जणू गुन्हा तिथंच घडला, मोरीत.
चालेल, मी म्हटलं, तरी घेऊ या.
पाण्याला सगळं नेता येत नाही.
(दरवेळी म्हणते. दरवेळी खरं निघत नाही.)

डॉक्टर तांडेल आधी खुर्ची ओढून बसतात,
त्यांचे डोळे तिच्या डोळ्यांच्या उंचीला येईपर्यंत.
कुठंही थांब म्हण, आम्ही थांबू.
नको म्हणालीस तरी औषधं मिळतील.
ती सही करते. आडनावापाशी पेन अडतं.
ते आडनाव मी इथं लिहिणार नाही.

जुन्या फॉर्मचा गठ्ठा अजून कपाटात आहे.
त्यातल्या एका ओळीवर मी पट्टीनं रेघ मारत असे;
बंदी आली, छापखान्याला कुणी कळवलंच नाही.
दोन बोटांनी बाईची सवय मोजायचे.
मी शिकाऊ होते तेव्हा दिवा धरून उभी राहायचे,
हात न हलवता.
हे घरी सांगितलेलं नाही.

जमिनीवर मोठा कागद अंथरायचा.
त्यावर उभं राहून एकेक कपडा उतरवायचा, झटकायचा नाही.
पडलं ते सगळं आता सरकारचं:
खडी, टिकली, एक सुटलेला दोरा.
नखांखालचं वेगळ्या पुड्यांत. डावा हात. उजवा हात.
तेवढा वेळ ती भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होती,
ओठ हलवत,
जन्मतः, दीड महिना, अडीच महिने, साडेतीन.

कापूसकाड्या उन्हात ठेवायच्या नाहीत, हीटरजवळ नाही.
सावलीत, पंख्याखाली, एकमेकींना न लागता.
आई दिवाळ्याच्या बंदरावर बोंबील वाळवायची,
वलांडीवर, कडक उन्हात, कावळे हाकत.
मी हे वाळवते. राखण तीच.
ओलं पाकिटात गेलं तर बुरशी येते,
आणि मग कोर्टात बुरशीच बोलते.

प्लास्टिक नको, कागदी पाकीट. तारीख, वेळ, सही.
मेणबत्तीवर लाख धरली की खोलीला पोस्टाचा वास येतो.
हवालदार सुलक्षणा गोवारी डबा मांडीवर घेऊन बसली,
लाख निवेपर्यंत बोलली नाही.
बाहेरून पावण्याच्या कंपन्यांचा आंबूस धूर.

"ड्रेस परत मिळेल?"
मोरपंखी. रबाळ्यातल्या पॅकिंगचा पहिला पगार,
घणसोलीच्या टेलरनं बुधवारी दिलेला,
बाहीवर अजून त्याच्या खडूची रेघ.
केस संपल्यावर, तांडेल म्हणाल्या.
कधी, ते तिनं विचारलं नाही
म्हणून आम्हीही वाचलो.

त्या पेटीत सगळं असतं.
कंगवा, कात्री, काचपट्ट्या, सतरा पाकिटं.
घरी जाताना घालायला काही नसतं.
मढवीमावशी आपल्या लॉकरमधून पिशवी आणते,
लेकीचे जुने कुर्ते, धुतलेले, इस्त्रीचे.
इथं तरी तुझ्या पसंतीनं घे, म्हणते.
तिनं पिवळा घेतला. खांद्यांत ढगळ.

पावणेदोन वर्षांनी ठाण्याच्या कोर्टात
माझ्यासमोर लाख फोडली. मोरपंखी रंग तसाच,
खडूची रेघ तशीच.
सही तुमची? माझी.
सावलीतच वाळवलं, याला पुरावा काय?
मागच्या बाकावर ती होती. पिवळा कुर्ता,
खांद्यांत आता तिच्या मापाचा.
मी वकिलांना सांगितलं,
मी तिथं बसून होते, साहेब,
पंख्याखाली,
चाळीस मिनिटं.